मी चोर नाही हे मला सिद्ध करायचंच नव्हतं

ऑगस्ट २०१९ मधे मी एक सेकंडहँड आऊटबोर्ड इंजिन घेतलं, ९.९ एचपीचं, टू-स्ट्रोक, ४० हजाराला. त्यातले २५ हजार मोबाईलवरून पाठवले आणि १५ हजार रोख दिले. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारलेत तरी सांगेन, कारण पुढची साडेचार वर्षं मी तेच सांगत होतो, पोलिसांना, वकिलांना, बायकोला, सासऱ्यांना आणि सगळ्यात शेवटी कोर्टाला.

माझं गॅरेज मालवण तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी. गॅरेज म्हणजे काय तर वर पत्रे, दोन स्टँड आणि एक पाण्याचं पिंप, त्यात इंजिन बुडवून चालू करून बघायचं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात आणि सगळ्यांची इंजिनं सर्व्हिसिंगला येतात. नारळी पौर्णिमेच्या आसपास तर जेवायला फुरसत नसते. अशाच गडबडीत पलीकडच्या वाडीतला एक मुलगा टेम्पोतून इंजिन घेऊन आला, म्हणाला मामाचं आहे, मामा मुंबईला गेला, होडी विकली, आता हे पडून आहे. पिंपात घालून चालवलं, आवाज स्वच्छ, पाणी नीट फेकत होतं. घेतलं.

आता खरं सांगायचं तर दोन गोष्टी तेव्हाच दिसल्या होत्या. किंमत बाजारापेक्षा दहाएक हजाराने कमी होती, आणि होडीला अडकवायच्या ब्रॅकेटवर जी नंबरची पट्टी असते ती नव्हती. खाऱ्या पाण्यात त्या पट्टीचे रिव्हेट सडतात, पट्टी गळून पडते, जुन्या इंजिनांत निम्म्यांना नसतेच, म्हणून मी काही विचारलं नाही. मनात शंका आली का? आली असणार, क्षणभर. ती शंका लक्षात ठेवा, सरकारी वकिलांची अख्खी केस तिच्यावरच उभी होती.

चतुर्थीच्या चार दिवस आधी, घरी गणपतीच्या वरची माटवी बांधायची तयारी चाललेली, पोलिसांची गाडी आली. आत तोच मुलगा. त्याने गॅरेजकडे बोट दाखवलं, इंजिन स्टँडवरच होतं, कार्बोरेटर उघडून ठेवलेला. दोन पंच उभे केले, पंचनामा लिहिला, इंजिन गाडीत टाकलं आणि मला पण. कुणाची तरी होडीवरची इंजिनाची चोरी झालेली जुलैमधे, बंदीच्या दिवसात, झाप उचकटून. मुलगा आरोपी नंबर १, तेव्हाच्या दंड संहितेचं कलम ३७९, चोरी. मी आरोपी नंबर २, कलम ४११, चोरीचा माल घेणे. दोन्हीला जास्तीत जास्त तीन वर्षं.

ती रात्र लॉकअपमधे काढली, त्याबद्दल फार काही लिहीत नाही. डास होते. मी रात्रभर हवालदाराला तेच तेच सांगत होतो की साहेब मी पैसे दिलेत, मोबाईल बघा, आणि तो म्हणत होता उद्या कोर्टाला सांग. अटक केल्यापासून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, घटनेच्या कलम २२ मधे आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं पोलिसांनी मेहरबानी केली.

वकील आमच्या नात्यातलेच, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कोर्टाच्या मागच्या फणसाखाली मी त्यांना सगळी गोष्ट सांगायला लागलो, मामा, टेम्पो, पिंप, मोबाईल. त्यांनी पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फिर्यादीत इंजिनाचो नंबर आसा?"

"माका काय म्हायत."

"मगे तुझी गोष्ट ऱवांदे. आधी त्यांची गोष्ट वाचूया."

मला राग आला. मी निर्दोष आहे ते सांगतोय आणि हा माणूस कागद वाचायचं म्हणतोय.

जामीन त्याच दिवशी झाला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ मधे अर्नेश कुमारच्या केसमधे सांगून ठेवलंय, अण्णांनी ते वाचून दाखवलं. पण जामीनदार मिळताना जीव गेला. जामीनदाराला सातबारा लागतो, आणि आमच्या कोकणातला सातबारा म्हणजे तुम्हाला माहितीये, अडीच गुंठे जमीन आणि तेवीस सहहिस्सेदार, त्यातले नऊ मुंबईत आणि पाच वर गेलेले. चुलत काकाचा एकट्याच्या नावाचा कलमांच्या बागेचा एक तुकडा होता म्हणून मी चतुर्थीला घरी होतो.

घरी आलो तर गावात निकाल लागून गेलेला. उघड कोण बोललं नाही, पण आरतीला दरवर्षी येणारी चार घरं आली नाहीत. शेजारच्या काकी आईला म्हणाल्या, "इस्तो असल्याबिगर धूर येता काय?" फिर्यादीच्या माणसांनी निरोप पाठवला, देवळात ये, नारळावर हात ठेवून सांग की तुला माहीत नव्हतं, आम्ही केसचं बघू. आई तर लगेच तयार. "जाऊया, गाऱ्हाणा घालूया, देव बघीत काय ता." देवावर माझा विश्वास आहे, पण कौल डावा लागला तर काय, ही भीती पण होती, खोटं कशाला बोलू. आणि 'माहीत नव्हतं' म्हणताना ती क्षणभराची शंका आठवली असती.

अण्णांना विचारलं तर ते एकदम मराठीत आले, चिडले की ते मराठीत बोलतात. "देवळात गेलास तर तुला सिद्ध करावं लागेल की तू चोर नाहीस. कोर्टात त्यांना सिद्ध करायचंय की तू आहेस. तुला कुठे उभं राहायचंय ते ठरव." मी देवळात गेलो नाही. आई वर्षभर नीट बोलली नाही.

मग हळूहळू समजत गेलं, दर तारखेला थोडं थोडं. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १०१ होतं, जो म्हणतो अमुक घडलंय त्याने ते सिद्ध करायचं. फौजदारी केसमधे म्हणणारा कोण, तर सरकार. आणि सिद्ध किती करायचं, तर वाजवी संशय उरणार नाही इतकं. माझ्या कलम ४११ मधे त्यांना तीन गोष्टी दाखवायच्या होत्या: हे इंजिन म्हणजे चोरीला गेलेलं तेच इंजिन, ते माझ्या ताब्यात मिळालं, आणि ते चोरीचं आहे हे मला माहीत होतं किंवा तसं मानायला पुरेसं कारण होतं. ताब्याचा प्रश्नच नव्हता, ते माझ्याच स्टँडवर होतं. खरी लढाई पहिल्या आणि तिसऱ्याची.

पण एक मेख होती आणि ती अण्णांनी लपवली नाही. त्याच कायद्यात कलम ११४ चं पहिलंच उदाहरण होतं की चोरीनंतर लवकरच ज्याच्याकडे माल सापडतो तो एकतर चोर असतो नाहीतर जाणूनबुजून माल घेणारा, असं कोर्ट धरू शकतं, जर त्याला ताबा कसा आला हे सांगता आलं नाही तर. धरू शकतं, धरलंच पाहिजे असं नाही. म्हणजे मी अगदीच तोंड शिवून बसून चालणार नव्हतं, कुठून आलं ते सांगावं लागणार होतं, फक्त माझं सांगणं पटण्यासारखं असलं की पुरे, सरकारसारखं संशयापलीकडे नेऊन दाखवायची गरज नाही. ते २५ हजार मोबाईलवरून पाठवले ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली बुद्धी. चोरीचा माल माहीत असून घेणारा माणूस स्वतःच्या खात्यातून पैसे पाठवेल का, हा अण्णांचा मुद्दा.

मधे कोविड आला, कोर्ट बंद, मग तारखा नुसत्याच पडत गेल्या. कोर्टाचा व्हरांडा ही एक शाळाच आहे. तिथे आमच्यासोबत एक हॉटेलवाले असायचे, चेक बाऊन्सची केस. ते म्हणायचे तुमचं बरंय, माझं उलटं आहे, चेकवर सही माझी म्हटल्यावर देणं होतंच असं कायदा आधीच धरून चालतो, आता देणं नव्हतं हे मी दाखवायचं. कलम १३९. तेव्हा कळलं की हे निर्दोष धरण्याचं तत्त्व सगळीकडे सारखं लागत नाही, अमली पदार्थांच्या कायद्यात, मनी लाँडरिंगमधे, पोक्सोमधे पण काही बाबतीत ओझं आरोपीवर टाकलंय. मी नशीबवान की साधं इंजिन होतं.

एकदा पावसात लाईट गेलेली, साक्षीदार आलेला नाही, तेव्हा अण्णांनी वूलमिंग्टनची गोष्ट सांगितली. इंग्लंडमधला एकवीस वर्षांचा शेतमजूर, बायको माहेरी निघून गेलेली, हा बंदूक घेऊन गेला, तिला दाखवायला की तू आली नाहीस तर मी मरेन, आणि बंदूक उडून ती मेली. खालच्या न्यायाधीशाने ज्युरीला सांगितलं की मारलं एवढं सिद्ध झालं की बस, खून नव्हता हे त्याने दाखवायचं. फाशीची शिक्षा झाली. १९३५ मधे हाऊस ऑफ लॉर्ड्सने ती उलटवली, म्हणाले फौजदारी कायद्याच्या सगळ्या विणीत एकच सोन्याचा धागा दिसतो, गुन्हा सिद्ध करणं हे सरकारचं काम. मी विचारलं, पण अण्णा, त्याने मुद्दाम मारलं असेल तर? अण्णा म्हणाले, असेल. आणि विडी पेटवली.

२०२२ च्या शेवटी आरोप ठेवला. मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का, मी "नाही" म्हटलं आणि पुढे बोलायला तोंड उघडलं तर अण्णांनी मागून शर्ट ओढला. आदल्या दिवशीच दम दिलेला, "तोंड उघडलंस तर मी वकीलपत्र काढून घेतलंय म्हणान समज." घटनेच्या २०(३) मधे आहे की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही. वाचायला मस्त वाटतं. पण पिंजऱ्याजवळ उभं राहून दुसरी माणसं तुमच्याबद्दल बोलतायत आणि तुम्ही गप, हे किती अवघड असतं ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पहिला पंच फितूर झाला. म्हणाला सही मी पोलीस स्टेशनात केली, वाचलं नाही. खरं तर तो माझ्या गॅरेजसमोरच उभा होता, मी स्वतः पाहिलंय! म्हणजे माझ्या बाजूने जी साक्ष फिरली ती खोटी होती आणि मी ती ऐकून आनंदलो. हे लिहिताना पण बरं वाटत नाही. दुसरा पंच इंजिन मिळालं एवढंच बोलला, मुलाने दाखवलं हे बोललाच नाही. आणि मुलाने पोलिसांना दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावाच नाही, त्यातून जी वस्तू सापडली तेवढ्यापुरता भाग फक्त वाचता येतो, आणि तो दाखवायला पंच लागतात. मुलाच्या बाजूने विधी सेवाचे, म्हणजे फुकट मिळणारे वकील होते, तरुण, त्यांनी बरोबर तेवढंच पकडलं.

मग फिर्यादी. इंजिन त्याच्याकडे सुपूर्तनाम्यावर, म्हणजे केस संपेपर्यंत सांभाळायला दिलेलं होतं, ते टेम्पोतून कोर्टाच्या आवारात आणलेलं. चार वर्षांनी बघितलं मी ते. तो म्हणाला, "ह्या माझाच. मी वळखतंय." अण्णा उठले.

"कशावरून ओळखता?"

"खालच्या पात्याक वेल्डिंग हा."

पंख्याच्या खाली एक पात्यासारखा भाग असतो, इंजिन खडकावर घासलं की आधी तो तुटतो.

"कशाने तुटलं होतं?"

"खडकाक आपटला."

"तुमच्याकडे आणखी कुणाचं असं तुटतं?"

"सगळ्यांचाच तुटता."

"मग वेल्डिंग कुठे करून घेता?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्याकडेच."

कोर्टात हसू फुटलं, मॅडम पण खाली बघून हसल्या. मी सोडून सगळे हसले, कारण मला त्याच क्षणी कळलं की सरकारी वकील आता काय म्हणणार. आणि त्यांनी युक्तिवादात तेच म्हटलं, आरोपीने स्वतः वेल्डिंग केलेलं इंजिन आरोपी ओळखणार नाही? पट्टी नाही, भाव कमी, वेल्डिंग स्वतःचं, आणखी काय पाहिजे?

खरं उत्तर असं की मी नाही ओळखलं. सीझनला चाळीस पन्नास पाती होतात, ॲल्युमिनियमला आर्गॉन लागतं ते मी कुडाळला एमआयडीसीत पाठवतो, वेल्डिंग माझ्या हातचं पण नसतं. पण हे मी घरी आरशाला सांगू शकत होतो, तिथे नाही.

अण्णांनी तपासी अंमलदाराला तीनच गोष्टी विचारल्या होत्या. मामाची चौकशी केली का? नाही. आरोपीच्या बँक खात्याचा उतारा घेतला का? नाही. जुन्या इंजिनाचा बाजारभाव काय, कुणा व्यापाऱ्याचा जबाब घेतला का? नाही. बिल फिर्यादीने नंतर हजर केलं, त्यावर नंबर होता, पण ताडून बघायला इंजिनावर पट्टीच नाही. बँकेचा उतारा आम्हीच दाखल केला. आणि शेवटी त्यांनी १९७३ चा शिवाजी बोबडेचा निकाल काढला, आपल्या महाराष्ट्रातलीच केस, 'असेल' आणि 'असलंच पाहिजे' यात अंतर मोठं असतं आणि ते अंतर पुराव्याने कापायचं असतं, असा त्याचा आशय. ओळखलं असेल, मॅडम, असेल.

त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ३१३ चा जबाब झाला. इथे कोर्ट आरोपीला विचारतं की तुमच्याविरुद्ध असं असं आलंय, काय म्हणायचंय. शपथ नसते, उत्तर नाही दिलं तरी शिक्षा नाही. साडेचार वर्षं जे बोलायला तडफडत होतो ते तिथे बोललो: इंजिन मी विकत घेतलं. पैसे खात्यातून दिले. ते चोरीचं आहे हे मला माहीत नव्हतं. माझं गॅरेज रस्त्यावर आहे, मी ते लपवलं नाही. चार वाक्यं. टायपिस्टने टाईप केलं, मी सही केली, संपलं.

निकाल फेब्रुवारी २०२४ ला. 'सरकार पक्ष आरोपींविरुद्धचा गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करू शकला नाही, सबब संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता.' दोघांची. मी अण्णांना म्हटलं, फायदा कसला, मी केलंच नव्हतं तर 'केलं नाही' असं लिहायला काय झालं? ते म्हणाले, तू केलंस की नाही हे ठरवायला कोर्ट बसलंच नव्हतं रे. आणि सुटल्यावर पण वरच्या कोर्टाने बोलावलं तर येईन म्हणून सहा महिन्यांचा बाँड होताच. अपील झालं नाही. त्याच जुलैमधे नवे कायदे आले, ४११ चं आता ३१७ झालंय, १०१ चं १०४, मजकूर जवळपास तोच.

गावात लोक म्हणाले, "सुटलंस मरे!" प्रेमानेच म्हणाले. चोराला पण असंच म्हणतात. मधल्या काळात पासपोर्ट रिन्यू करायला कोर्टाची परवानगी लागणार होती, ती मिळेपर्यंत दुबईच्या शिपयार्डमधलं काम गेलं, ते मात्र कुणी परत दिलं नाही.

आणि गंमत बघा, मला आजही वाटतं की इंजिन त्याच मुलाने उचललं. दुसरं कोण? बाजारात भेटतो, मान हलवतो, मी नाही हलवत. पुरावा काय? काहीच नाही. बायको म्हणते मग काकींचं काय चुकलं होतं, मी विषय बदलतो.

गेल्या मे महिन्यात फिर्यादी स्वतः टेम्पो घेऊन दारात. सुपूर्तनाम्यात अट असते की वस्तू विकायची नाही, बदलायची नाही, त्या भीतीने त्याने चार वर्षं इंजिन पडवीत ठेवलेलं, तेल सुद्धा घातलं नाही. पिस्टन जाम, आत मिठाचा थर. आसपास दुसरं गॅरेज नाही, जाणार कुठे. म्हणाला, "बघ रे जरा." मी म्हटलं, ठेव. त्याच स्टँडवर ठेवलं.

मग वही घेतली आणि लिहिलं: ९.९ एचपी, टू-स्ट्रोक, नंबरची पट्टी नाही, खालच्या पात्याला जुनं वेल्डिंग. खाली तारीख घातली आणि वही त्याच्यापुढे सरकवली.

"ह्या कशाक?"

"असूंदे. सही कर."

त्याने दोनदा वाचलं आणि केली.